मेरी बीला कोणी विचारलंच नाही

शनिवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. टॉमी ली जोन्सचा 'द होम्समन' बघितला, २०१४ चा, दिग्दर्शन त्याचंच आणि कामही त्याचं. वेस्टर्न म्हटलं की घोडे, बंदुका, सलूनमधली मारामारी एवढंच डोक्यात होतं. इथे १८५० च्या दशकातला, अमेरिकेतल्या नेब्रास्का टेरिटरीचा सपाट उघडाबोडका मुलूख, सतत वारा आणि मन पार उद्ध्वस्त झालेल्या तीन बायका. एकीची तीन मुलं घटसर्पाने पाठोपाठ गेली, एकीने स्वतःचं तान्हं बाळ संडासात टाकलं, तिसरीवर मूल हवं म्हणून नवरा जबरदस्ती करत राहतो.

त्यांना पार आयोवात नेऊन सोडायचंय आणि कोण नेणार ते नवऱ्यांनी नशिबावर ठरवायचं, त्यातला एक तर तयारच होत नाही, मग त्याच्या जागी तिथलीच एक एकटी राहणारी शेतकरी बाई, मेरी बी कडी, उभी राहते आणि काम तिच्याच गळ्यात पडतं.

खरं सांगू, त्या तिघींपेक्षा मला ही मेरी बीच जास्त लागली. हिलरी स्वँकने काय काम केलंय! वय ३१, लग्न नाही, स्वतः नांगर धरते, पैसे राखून आहे. सुरुवातीला शेजारच्या माणसाला जेवायला बोलावते, छान रांधते, जेवण झाल्यावर एक कापड टेबलावर पसरते, त्यावर पियानोच्या पट्ट्या भरतकामाने काढलेल्या, त्यांवर बोटं फिरवत गाते, आवाज फक्त तिच्या गळ्याचा. मग अगदी व्यवहाराचं बोलावं तसं लग्नाचं विचारते आणि तो नाही म्हणतो, का तर दिसायला साधी आणि फार हुकूम सोडते. जेवून मात्र पोटभर गेला!

वाटेत एका लहान मुलीची उकरली गेलेली कबर दिसते, ती नीट करायला ही एकटी मागे थांबते, मग रस्ता चुकते आणि रात्रभर घोड्यावर फिरून परत त्याच कबरीपाशी येते. तिथे मला कळायला हवं होतं की ही आतून संपत चाललीये. ब्रिग्जलाही ती लग्नाचं विचारते, फासावरून हिनेच सोडवून वाटेत सोबतीला घेतलेला माणूस तो (टॉमी ली जोन्सच), तोही नाही म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा जीव देते. सिनेमा अजून बराच बाकी असताना. मी पॉज करून बसून राहिले. तिच्यात धमक आहे म्हणून सगळे कामं सांगतात, पण तुझं कसं चाललंय ग, हे एकानेही विचारलं नाही.

नंतर ब्रिग्ज एका अनवाणी कोवळ्या पोरीला बूट देतो, पश्चिमेला जाणाऱ्या पोराशी लग्न करू नकोस सांगतो. शहाणपण आलं खरं त्याला, पण मला त्याचा राग अजून तसाच आहे.