होलीरूडचे दोन एल्म

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातल्या रॉयल माइल या रस्त्याचा उतार जिथे संपतो तिथे होलीरूड राजवाडा आहे. लोक तिथे मेरी राणीची दालने पाहायला जातात. जूनच्या सुरुवातीच्या एका गार सकाळी मी मात्र तिथली दोन झाडे पाहायला गेले होते.

ही झाडे एल्म या मोठ्या वृक्षाच्या ‘वेंटवर्थ’ या वाणाची. डच एल्म रोगाच्या साथीत हा वाण ब्रिटनमधून नाहीसा झाला असेच सगळे धरून चालले होते. २०१६ मध्ये इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनचे मॅक्स कोलमन यांनी राजवाड्याच्या आवारातले हे सुमारे शंभर फुटी वृक्ष ओळखले. बागेच्या दप्तरात १९०२ साली बर्लिनच्या श्पेथ रोपवाटिकेतून तीन वेंटवर्थ आल्याची नोंद आहे. त्यांपैकी बागेत वाढलेला एकच माहीत होता आणि तो १९९६ मध्ये याच रोगाने गेला. उरलेले दोन हेच असावेत, असा कोलमन यांचा तर्क आहे. तो मलाही पटतो, कारण त्यांचा माग सुटला होता तो फक्त कागदावर. झाडे आपल्या जागीच उभी होती.

झुकलेल्या फांद्यांखाली मी बराच वेळ रेंगाळले. वाटेवर पडलेले एक पान उचलून पाहिले, तर मोठे, तुकतुकीत, आणि देठाशी दोन्ही बाजू असमान, जणू घाईत बेतलेले. हा तिरकसपणा म्हणजे एल्मची ओळखच. रोग पसरतो तो सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे. त्यांच्या अंगावरून आलेली बुरशी खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या निकामी करते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. एडिंबरामध्ये रोगट एल्म शोधून वेळीच तोडले जातात, म्हणूनच या शहरात अजून एल्म दिसतात.

परतताना फुटपाथवर दुसऱ्या कुठल्याशा एल्मच्या बियांचा सडा पडला होता. मध्ये बी आणि भोवती कागदासारखा गोल पंख. आपल्याकडे उन्हाळ्यात वावळाखाली अगदी अशाच चकत्या उडत असतात. वावळही एल्मच्याच कुळातला. पण बी पेरून वेंटवर्थ मिळायचा नाही. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, तसेच हे. वाण टिकवायचा तर कलमच करायला हवे. चार चकत्या तळहातावर घेतल्या होत्या, त्या वाऱ्यावर सोडून दिल्या.