स्टिरॉइड लागू पडत नाही, तेव्हा आधी काय तपासायचं

रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) दोन आठवडे घेऊनही स्पायरोमेट्रीत (फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीत) एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर टाकलेली हवा) पंधरा टक्क्यांनीसुद्धा वाढला नाही, तर तो दमा स्टिरॉइडला दाद न देणारा, अशी जुनी व्याख्या आहे. पण अशी फाईल नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात आली काय किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत, पहिला संशय औषध पोचतं का यावरच घ्यावा.

रोटाकॅप (यंत्रात घालून ओढायची औषधी पुडीची कॅप्सूल) ओढून झाल्यावर उजेडात धरून बघा, पूड उरली का. आधी श्वास पूर्ण बाहेर, पण यंत्रात फुंकायचं नाही. मग जोरात, खोल ओढून दहा सेकंद धरायचा. फवाऱ्याच्या पंपाला मात्र स्पेसर (पंपापुढे जोडायची पोकळ नळी) लावून सावकाश ओढायचं. घरात दोन्ही असले की या सवयींची हमखास अदलाबदल होते.

टीबीच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारायचं राहून जातं. रिफाम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोन फार लवकर मोडतं, मग लिहिलेला डोस कागदावरच राहतो. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तेच. आणि आपल्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने ओलं राहणारं कूलरचं गवत! त्यावर अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी धरते. अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी असेल तर नुसत्या पंपानं भागत नाही. एकूण आयजीई (रक्तातली अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) आणि अ‍ॅस्परजिलसची आयजीई करून घ्यावी.

एवढं सगळं ठीक निघालं, तर दोष पेशीच्या आत. स्टिरॉइड पेशीतल्या रिसेप्टरला (ते पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटून केंद्रकात जातं आणि एचडीएसी-2 हे एन्झाइम कामाला लावतं. दाहाच्या जनुकांभोवती सैल झालेली डीएनएची गुंडाळी ते पुन्हा घट्ट करतं, जनुकं बंद होतात. विडी-सिगारेटचा धूर नेमकं हेच एन्झाइम निकामी करतो. सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात) आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या दम्यात स्टिरॉइड कमी पडतं, त्याचं हे एक मोठं कारण. कमी मात्रेतलं थिओफिलिन (दम्याचं जुनं औषध) हे एन्झाइम परत जागं करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. पण 2018 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत सीओपीडीचे अटॅक त्यानं कमी झाले नाहीत. थुंकीत न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असलेला दमाही असाच चिवट: स्टिरॉइडनं इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीतल्या पांढऱ्या पेशी) मरतात, न्यूट्रोफिल उलट जास्त जगतात.

दम्याबाहेरही हाच प्रश्न येतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला दाह आणि जखमा होणाऱ्या आजाराच्या) तीव्र झटक्यात तर वेळच कमी. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड 100 मिलिग्रॅम दर 6 तासांनी देऊनही साधारण तिघांतल्या एकाला ते पुरत नाही. तिसऱ्या दिवशी दिवसाला 8 पेक्षा जास्त शौच, किंवा 3 ते 8 आणि सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) की ऑपरेशन, हे त्याच दिवशी बोलायला हवं.

डोस वाढवत राहणं मला सगळ्यात घातक वाटतं. दाद देत नाहीत त्या दाहाच्या पेशी. हाडं, साखर, डोळे यांच्यावर परिणाम व्हायचा तो होतोच. अ‍ॅड्रिनल ग्रंथीही (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी) दबते, म्हणून तीन आठवड्यांहून जास्त घेतलेली गोळी लागू पडत नसली तरी एकदम सोडायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची.