वस्तरा उजव्या हातात, दाढी डाव्या हातात

मल्टी-ब्लेड रेझरने माझी मान कायम लाल असायची. त्यातलं पुढचं पातं केस ओढतं, मागचं तो त्वचेच्या पातळीच्या खाली कापतं, आणि मग राठ, कुरळा केस बाहेर येण्याऐवजी आतच वळतो. पुळ्या, खाज, पुन्हा त्याच जागी रेझर. एकच धार, तीही हलक्या हाताने फिरवली तर हे थांबेल असं वाटलं, म्हणून मी वस्तऱ्याकडे वळलो.

पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. शिकणाऱ्याला ५/८ किंवा ६/८ सोयीचं पडतं, कारण ते नाकाखाली मावतं आणि गालावरचा फेसही पात्यावर बऱ्यापैकी राहतो. मी ५/८ चा, कार्बन स्टीलचा, जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये बनलेला वस्तरा निवडला. टोक गोल. चौकोनी टोकाने कल्ल्याची रेघ सुरेख येते, पण कानाची पाळी आणि नाकपुडी शेजारी असताना नवख्या हातात गोल टोकच हवं.

नवा वस्तरा दाढीला तयार असेलच असं नाही, हे मात्र प्रत्येकाने आधी समजून घ्यावं. कारखान्यातली धार कागद कापते, पण चेहऱ्यावर खरवडते. मी तो आधी एका जाणकाराकडून दगडावर लावून आणला. धारेचा मूळ उतार साधारण १००० ग्रिटच्या दगडावर बसवतात (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) आणि ८००० किंवा १२००० वर शेवटचा हात देतात. पात्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकलेल्या असतात, त्यामुळे कोन आपोआप राखला जातो. तरी सुरुवात करणाऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं असंच माझं मत आहे. चांगली धार कशी लागते हे गालाला ठाऊक नसेल, तर दगडावर आपण नक्की काय करतोय ते कळत नाही.

चामड्याचा पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून लागतो. दाढीत धारेची अतिसूक्ष्म कड वाकडीतिकडी होते, पट्टा ती सरळ करतो. आधी कापडी बाजूवर, मग चामड्यावर. पट्टा ताणून धरायचा, पाठ पुढे ठेवून पातं सपाट सरकवायचं, आणि टोकाशी पोचल्यावर ते पाठीवरच उलटवायचं. धारेवर उलटवलं की चामडं कापलं गेलंच. मी कितीतरी दिवस मुद्दाम अगदी सावकाश हात फिरवला. वेग नंतर आपोआप येतो.

आता खरा भाग. वस्तरा धरताना तीन बोटं पात्याच्या मागच्या दांडीवर, करंगळी दांडीच्या टोकाच्या वळलेल्या शेपटावर, अंगठा खालून. पातं गालावर आडवं टेकवायचं आणि पाठ उचलायची, ती सुमारे ३० अंशांपर्यंत. त्याहून जास्त उचलली की धार खरवडायला लागते. दाब जवळजवळ शून्य. आणि धार जिकडे लांब पसरलेली आहे त्या दिशेने पातं कधीही सरकू द्यायचं नाही. सुरी कापते ती तशीच, आणि त्वचाही तशीच कापली जाते.

हे सगळं उजव्या हाताचं. दाढी नीट होते की नाही ते डावा हात ठरवतो. त्वचा ताणलेली नसेल तर धारेपुढे तिची घडी होते आणि धार त्या घडीत शिरते. कल्ल्याजवळून खाली येताना डाव्या हाताची बोटं कानापुढे, केसांच्या रेषेच्या वर टेकवून त्वचा वर ओढायची. जबड्याच्या हाडावर पातं चालवायचंच नाही, तिथली त्वचा गालावर ओढून घ्यायची आणि सपाट जागी तिची दाढी करायची. बोटांना फेस लागला की ती घसरतात आणि ताण सुटतो. त्यावर उपाय म्हणजे ओल्या तुरटीवर बोटं घासून घ्यायची. पकड इतकी घट्ट बसते की पहिल्यांदा मलाच नवल वाटलं. डाव्या गालावर मी वस्तरा डाव्या हातात घेतो. काही जण उजवाच हात चेहऱ्यापुढून पलीकडे नेतात, पण मला तसं आरशात नीट दिसत नाही.

सुरुवातीला फक्त गाल, बाकी दाढी नेहमीच्या रेझरने. गालांवर हात बसला की मान, आणि हनुवटी सगळ्यांत शेवटी. मानेवर जाण्याआधी दोन दिवसांच्या खुंटांवरून बोटं फिरवून केसांची दिशा पाहिली. हनुवटीखाली ते सरळ खाली होते आणि कंठमण्याच्या बाजूला चक्क आडवे. माझ्या लाल मानेचं मोठं कारण तिथेच सापडलं: मी वर्षानुवर्षं तिथे उलटाच हात मारत होतो.

हनुवटीला वेळ लागला. केस जाड, हाड गोल, ताण द्यायला जागा नाही. खालचा ओठ दातांवर आत ओढून घेतला की ती जरा सपाट होते, मग अर्ध्या-अर्ध्या इंचाचे छोटे हात. इथे डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. पातळ, खोलगट घासलेलं पातं खुंट कापताना बारीक खरखरतं. आवाज एकसारखा असेपर्यंत सगळं ठीक. तो जड झाला, केस ओढल्यासारखं वाटलं, की थांबायचं आणि कोन, ताण, फेस यांपैकी काय बिघडलं ते पाहायचं. बहुतेक वेळा फेस वाळलेला असतो. कोमट पाण्याने दाढी भिजवून, ब्रशने साबण घोळवून केलेला ओलसर, दाट फेस हवा. डब्यातला हवेने फुगलेला फेस इथे फार टिकत नाही.

एक नियम मी कधीच मोडत नाही: वस्तरा हातातून निसटला तर तो झेलायचा नाही. पातं तुटलं तर दुसरं आणता येतं.

दाढीनंतर थंड पाणी आणि तुरटी. कुठे चरचरलं त्यावरून कुठे दाब जास्त पडला ते लगेच समजतं. कार्बन स्टील लवकर गंजतं, म्हणून पातं पुसून, मुठीच्या फटीतलं पाणीही टिपून, उघडंच वाळू देतो. बरेच दिवस वापरायचं नसेल तर तेलाचं बोट.

मान आता शांत आहे. केसांच्या दिशेने एक हात, मग आडवा एक हात, एवढ्यावरच मी थांबतो. गालांवर उलटा हातही चालतो, मानेवर मी तो मारत नाही आणि मारावासाही वाटत नाही. पट्ट्यावर घासूनही धार ओढायला लागली की ८००० च्या दगडावर मीच थोडे हात देतो. १००० चं काम अजून त्या जाणकाराकडेच जातं.