टेप ताण, झोळ पडतोय

समोरच्या दोन जुन्या सोसायट्या मिळून एक प्लॉट होतोय हे आम्हाला कळलं ते रेनट्रीवर चिकटवलेल्या कागदामुळे. झाड तोडायच्या परवानगीची नोटीस, हरकत असल्यास कळवावी वगैरे. आणि तोपर्यंत कोथरूडातल्या आमच्या या चिंचोळ्या गल्लीत खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर क्लिनिक आणि ऑफिसं, वर पाच मजले फ्लॅट असं काहीतरी येणारे याचा कुणालाही पत्ता नव्हता, वॉचमन सोडून. वॉचमनला सगळं आधीच माहिती असतं.

मी आधी चिडलो, आणि चिडल्यावर माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला की आपण सगळ्यांनी मिळून या बिल्डिंगवर हरकत घेऊया. अठ्ठावीस अंगठे आले. मग आर्किटेक्ट मैत्रिणीला फोन लावला तर ती हसायलाच लागली. म्हणे अरे एका बिल्डिंगसाठी शेजाऱ्यांना कोण विचारतं, हरकती-सूचना मागवतात त्या डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या वेळी, झोन बदलायचा असेल तेव्हा, नियमांत फेरफार असेल तेव्हा. प्लॅन डीपीत आणि नियमात बसला की झालं. पर्यावरण मंजुरी वीस हजार चौरस मीटर बांधकामापासून लागते, आणि 2006 च्या त्या अधिसूचनेत इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूटच आहे. म्हणजे तुमचं म्हणणं मांडायचं असेल तर ते झाडापुरतं मांडा.

खरं सांगायचं तर मला तेव्हा 2013 आठवलं. डीपीचा मसुदा आला होता आणि पुणेकरांनी 87 हजारांच्या आसपास हरकती घातल्या होत्या, आमच्या बाबांनीसुद्धा एक, टाइप करून, तीन प्रतींत. पुढे 2015 मधे राज्य सरकारने तो आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला आणि 2017 च्या जानेवारीत मंजूर केला. बाबांची हरकत होती कुठल्यातरी टेकडीबद्दल. स्वतःच्या गल्लीच्या रुंदीबद्दल तेव्हा आम्ही कुणीच काही लिहिलं नव्हतं, डोक्यातच आलं नाही.

आणि सगळी मेख त्या रुंदीतच आहे. मैत्रिणीने युडीसीपीआर समजावलं, डिसेंबर 2020 ला आलेली बांधकामाची नियमावली. त्यात समोरचा रस्ता किती मीटर यावर ठरतं की एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते) किती, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किती चढवायचा, उंची किती, आणि दुकानंसुद्धा. रस्ता 9 मीटरच्या आत असला की रहिवासी भागात किराणा, न्हावी असल्या किरकोळ गोष्टींपुरतंच, आणि 9 किंवा त्याच्या पुढे गेला की परवानगी असलेल्या धंद्यांची यादी भलतीच लांबते. आठवतंय का, 2020 मधेच सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव स्थायी समितीने मंजूर केला होता आणि केवढा गदारोळ झाला होता? लोकांना वाटलं ट्रॅफिकसाठी रुंद करतायत. ट्रॅफिक कसलं डोंबलाचं, सहा मीटरवर टीडीआर चढत नव्हता म्हणून.

आमची गल्ली कागदावर 9 मीटर. मला पटेना. तळमजल्यावरचे काका इरिगेशनमधून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेत, त्यांच्याकडे तीस मीटरची फायबर टेप आहे आणि सकाळी पावणेसहाला उठून काय करायचं हा प्रश्नही आहे. दुधाच्या गाड्या जायच्या आत आम्ही दोघं रस्त्यावर. काका शून्य धरून आमच्या कंपाउंडपाशी उकिडवे बसलेले आणि मी समोरच्या भिंतीपाशी. "अरे टेप ताण, झोळ पडतोय, झोळाचे पाच सेंटिमीटर बिल्डरला फुकट देतोस का!" सात मीटर वीस. मधे, जिथे विजेचा डीपी बॉक्स पुढे आलाय, सहा नव्वद. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी सात पस्तीस. काकांनी तिन्ही आकडे दुधाच्या पिशवीच्या मागे लिहिले, वेळ टाकली आणि माझी सही घेतली.

आता गंमत बघा, यात खोटं काहीच नाही. नऊ मीटर ही आखलेली रेषा आहे. जो बांधायला घेतो तो पुढची पट्टी रस्त्याला सोडतो, सोडलेल्या जागेचा एफएसआय त्याला त्याच प्लॉटवर मिळतो, आणि हिशोब पूर्ण. फक्त उरलेली गल्ली सात मीटरच राहते, बाकीच्यांची रिडेव्हलपमेंट होईपर्यंत. मधेच फुगलेला, मधेच आवळलेला रस्ता, पायजम्याच्या नाडीसारखा. आणि त्या फुगलेल्या तुकड्यात काय होणार हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, दुकानासमोरच्या टू-व्हीलर.

दुकानांना माझा विरोध नाहीये हां. मिक्स्ड युज मिक्स्ड युज म्हणून ब्रोशरमधे जे काय छापतात ते पेठांमधे आपण पिढ्यानपिढ्या करतोय, खाली दुकान वर बिऱ्हाड, माझी आजी तर लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर वाढली. उलट कोथरूडातच साधा कढीपत्ता आणायला गाडी काढावी लागते याचं मला जास्त वाईट वाटतं. आईचं तर स्पष्ट मत आहे, औषधांचं दुकान येणार असेल तर तुम्ही तोंड उघडू नका.

म्हणून शेवटी मी अर्जात झाड वाचवायची विनंती केली, आणि दुकानांच्या गिऱ्हाइकांचं पार्किंग आतच हवं, माल उतरवायला आत जागा हवी, प्रवेश कोपऱ्याच्या बाजूने हवा एवढंच लिहिलं. सोबत तीन मापं. शिवाय माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागितली, दहा रुपयांचं तिकीट लावून, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. काकांनी अर्ज वाचून फक्त एक दुरुस्ती केली, 'सुमारे' हा शब्द खोडला. म्हणाले टेपने मोजलंय, सुमारे कसलं.

आवक क्रमांकाचा शिक्का मारून प्रत हातात घेऊन घरी आलो तर दारात सेक्रेटरींचा कागद. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक चार, आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाबाबत विचार करणे. 51 टक्के संमती लागते, त्यातले निम्मे तर ग्रुपवर अंगठा देणारेच आहेत. सोबत कुठल्यातरी आर्किटेक्टचं कच्चं स्केच जोडलंय, आणि त्यात रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर सहा चौकोन काढलेत. काकांचा फ्लॅट जिथे आहे, बरोब्बर तिथे.

काकांना अजून दाखवलं नाहीये. टेप माझ्याकडेच राहिलीये, ती द्यायला जायचंय.