तेर: मूर्ती कडेनं बघा

लातूरहून सकाळी सातला गाडी काढली. मुरूड, ढोकी करत तेर. आमच्याकडचे बहुतेक लोक तेरला जातात ते गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या दर्शनाला. तेरणेकाठी समाधीवर डोकं टेकलं, नारळ फोडला की परत. मीही दोनदा तसाच परतलो होतो. यंदा ठरवून आधी लामतुरे संग्रहालयात गेलो. तुम्हीही हाच क्रम ठेवा. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयांना बहुधा त्या दिवशी सुट्टी असते.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडांतून सापडलेल्या वस्तू जमवल्या, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. पाटी वाचून पुढं सरकू नका. सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या आणि केओलिन या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींसमोर उभे राहा आणि त्या समोरून नव्हे, कडेनं बघा. कानाच्या मागून खाली उतरणारा सांधा दिसतो. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, मग जोडायचं. मूर्ती आतून पोकळ राहते, म्हणून भाजताना तडकत नाही. केसांचे पेड, कानातले दागिने इतके बारीक की मी काचेला नाक लावून बसलो. रोमन जगाशी व्यापार चालायचा तेव्हाचं हे गाव. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात ‘तगर’ येतं: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथून कापड गाड्यांनी भडोचला जायचं. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे इतिहास अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडलं. 1958 मध्ये चापेकरांनी इथं उत्खनन केलं.

तिथून चालत त्रिविक्रम मंदिर. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, सगळं विटांचं. मुळात हे बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. भिंतीतली वीट उकरून तपासायला मात्र जाऊ नका, तसे महाभाग दिसले.

मग गोरोबाकाका. थापटण्यानं, म्हणजे मडकी ठोकायच्या लाकडी फळीनं, संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट पाठ असते सगळ्यांना. थापटणं चालताना बघितलेलं नसतं. परतीच्या वाटेवर एका गावात कुंभारमावशींच्या अंगणात ते बघायला मिळालं. चाकावरून उतरलेलं मडकं जाड, बसकं असतं. जरा सुकलं की आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटणं मारायचं. ठोक्याठोक्यानं पोट फुगतं, भिंत पातळ होते. मातीत घोड्याची लीद आणि राख, आव्याला, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीला, तुराट्या अन् गोवऱ्या.

मी माठाचं तोंड न्याहाळत होतो. मावशी म्हणाल्या, “लेकरा, वरून काय बघायलास? बुडाला वाजव.”

वाजवला. खणकन वाजला तर पक्का. बद्द आवाज आला तर कमी भाजलेला किंवा बारीक तडा गेलेला. आव्यातून नुकत्याच काढलेल्या मालातले चार वाजवून एक निवडा. भावात घासाघीस करू नका; आव्यातली फुटतूट त्यांच्याच पदरात जाते.

चैत्र वद्य त्रयोदशीच्या आसपास यात्रेची गर्दी असते, तेव्हा संग्रहालय निवांत बघणं होत नाही. हिवाळा बरा. पाण्याची बाटली आणि माठासाठी जुनी गोधडी सोबत ठेवा. मी गोधडी नेली नव्हती. माठ मांडीवर धरून मित्र मागं बसला होता, मुरूडच्या अलीकडं गतिरोधक मलाच दिसला नाही. त्याच्या हातात काठ राहिला. डिक्कीत टॉवेलात गुंडाळलेलं बिंदगं (छोटं मडकं) तेवढं शाबूत आलं, ते येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या आंबिलासाठी आईनं उचलून ठेवलंय.