ओट्याचा दगड कुठला?

रविवार, रात्री

दुपारी दादाकडे जुळे सोलापूरला जेवायला होते. घर भाड्याचं, नुकतंच घेतलेलं. हात धुतो न धुतो तोच वहिनीने मला ओट्याशी नेऊन उभं केलं. गॅसच्या डावीकडे फिकट पांढुरकी वर्तुळं, आणि शेंगाचटणीच्या डब्याखाली काळपट चट्टा. दोन्हींवर तिचा उपाय एकच, लिंबू नि सोडा. "ताई, तेलकट तर हलत नाही, आणि पांढरं वाढतच चाललंय. ग्रॅनाइटला असं होतं का हो?"

ग्रॅनाइट नव्हताच तो. सिंकखाली पॉलिश नसलेली कड आहे, तिथे वाकून पाहिलं. सलग काळा-राखाडी दगड, कुठे दाणा दिसेना. ग्रॅनाइटमध्ये दाणे असतात; काळ्यातही तिरप्या उजेडात बारीक चमक दिसते. खिळ्याने ओढलं तर लगेच पांढरी रेघ उमटली. ग्रॅनाइट खिळ्याला असा दाद देत नाही. तिथेच लिंबाचा थेंब टाकला, पाचेक मिनिटांनी पुसला, तर तेवढीच जागा निस्तेज. कडप्पा! घरमालकाने ग्रॅनाइट म्हणून सांगितला होता म्हणे. दोन्ही काळे, त्याला काय बोलणार.

कडप्पा म्हणजे चुनखडक. शहाबादी, कोटा हेही त्याच घरातले, आणि संगमरवरातही कॅल्शियम कार्बोनेटच. या सगळ्यांचं आंबटाशी हाडवैर. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचा कोळ, काहीही सांडून राहिलं की दगडाचा वरचा थर खातं. म्हणजे वहिनीची ती पांढरी वर्तुळं डाग नव्हेतच, तिथलं पॉलिश गेलंय. घासून निघण्यासारखं तिथे काही नाहीच. पॉलिशवाला बोलवा, नाहीतर राहू द्या. मला विचाराल तर राहू द्यावं. स्वयंपाकाचा ओटा आहे, दिवाणखान्यातला आरसा नाही.

काळपट चट्टा मात्र खरा डाग. आपली चटणी तेल सुटेस्तोवर कुटलेली, डब्याच्या बुडाशी तेल झिरपणारच, आणि ते दगडाच्या छिद्रांत उतरतं. वरून पुसून उपयोग नाही, ओढून काढावं लागतं. खाण्याचा सोडा पाण्यात दाटसर कालवला, चट्ट्याच्या जरा बाहेरपर्यंत बोटभर जाड थापला, वर दुधाची धुतलेली पिशवी पसरून कडांना चिकटपट्टी लावली. उद्या दुपारी पिशवी काढून लेप उघडा वाळू द्यायचा. वाळताना तो तेल शोषून घेतो. मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचा. एका लेपात नाही गेलं तर पुन्हा लावायचा.

दादा म्हणाला, "बाथरूमचं अ‍ॅसिड आहे की, एका मिनिटात होईल." बाटली उचलून मीच बाथरूममध्ये ठेवून आले. कडप्प्यावर ते फसफसून खड्डे पाडेल, आणि ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन वायू, तोही बंद स्वयंपाकघरात.

मग वहिनीने माहेरच्या पांढऱ्या संगमरवरावरच्या हळदीचं विचारलं. तिथे मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड सोड्यात कालवून असाच लेप. काळ्या दगडाला ते लावू नकोस म्हटलं, रंग उतरू शकतो.

निघताना दादा म्हणाला, पॉलिशचं दिवाळीला बघू. भाड्याच्या घरात तो करत नाही, मला माहीत आहे. नळाशेजारच्या बोअरच्या क्षारांचं बोलायचं राहिलंच. त्यावर वहिनी व्हिनेगर ओतायच्या आत उद्या सकाळी फोन करायला हवा.