कौतुक नेमके कोणाचे होते?

समाजमाध्यमांवर दुसऱ्यांचे आयुष्य पाहून तरुण मुले खचतात, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहेच. माणूस स्वतःला जोखताना आसपासच्यांकडे पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडले होते. मला मात्र दुसरीच एक तुलना अधिक जाचक वाटते, ती म्हणजे स्वतःच्याच प्रोफाइलशी होणारी.

एखादी तरुणी फोटो टाकते तेव्हा काय घडते ते पाहा. पंधरा-वीस सेल्फींतून एक निवडायचा, उजेड जुळवायचा, फिल्टर इतक्या बेताने लावायचा की तो लावल्याचे कळू नये, आणि एवढा खटाटोप करून खाली 'असंच, सहज' असे लिहायचे. नटूनथटून फोटो काढण्यात गैर काही नाही. स्टुडिओत जाऊन लोक पूर्वीही तेच करत. पण 'किती गोड दिसतेस' अशा प्रतिक्रिया येऊ लागतात तेव्हा नाकारलेले बाकीचे सगळे फोटो तिच्याच फोनमध्ये असतात आणि ते तिला पाठ असतात. कौतुक त्या एका फोटोच्या वाट्याला जाते. तिच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

आपण जसे आहोत आणि जसे व्हावेसे वाटते, यांतील अंतर जाणवले की खिन्नता येते, तर आपण जसे असायला हवे त्यापासूनचे अंतर अस्वस्थ करते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये केली. पूर्वी हे अंतर मनातल्या मनात राहत असे; आता 'व्हावेसे वाटते' ते रूप आपणच चारचौघांत 'आहे' म्हणून जाहीर करतो आणि मग रोज त्याला जागत बसतो.

विशीच्या आसपास ओळख अजून घडत असते. वेगवेगळी रूपे घेऊन पाहावीत आणि न पटलेली सोडून द्यावीत, हेच ते वय. मित्र, नातेवाईक, शिक्षक आणि उद्याचा साहेब हे सगळे एकाच यादीत असले, की ती मोकळीक उरत नाही. निवडक दोस्तांपुरते दुसरे अकाउंट उघडून वेडेवाकडे फोटो तिथे टाकणाऱ्या मुलांना म्हणूनच मी दुटप्पी म्हणणार नाही.

राहता राहिला लाइकचा आकडा. फेसबुकवर लाइकचे बटण २००९ मध्ये आले; २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने हा आकडा लपवण्याची सोय सर्वांना दिली. मात्र तो लपतो इतरांपासून. ज्याला तो सर्वाधिक छळतो, त्या पोस्ट टाकणाऱ्याला तो हवा तेव्हा उघडून पाहता येतोच.